वाळ्यांऐवजी कोळसा

आये, काही झालं तरी ती टोपी तू एकदा तरी बहिणीच्या डोक्यात घालायची होतीस. लाल टोपी, कडेला पांढऱ्या दोऱ्याची वेल, जव्हारच्या बाजारात मी स्वतः निवडलेली. तू ती हातात घेतलीस, उलटी करून आतली शिवण बघितलीस आणि एवढंच विचारलंस, "कशाच्या पैशानं आणलीस?" मी सांगितल्यावर ती कणग्याच्या मागं खोचून टाकलीस आणि पुन्हा कधी काढली नाहीस. पोटच्या पोरानं हौसेनं आणलेली वस्तू अशी खोचून टाकतात का, नऊ वर्षांच्या पोराला काय कळतं, असं मी इतकी वर्षं मनातल्या मनात तुझ्याशी भांडतोय. तू गेल्यावरही थांबलो नाही. राजाचं राज्य जाऊन सरकारचं आलं त्या साली तू गेलीस, त्यालाही आता दहा वर्षं होत आली. पण गेल्या आठवड्यात इथं गिरणीत एक गोष्ट झाली आणि त्या भांडणात मी हरलो. ते तुला सांगावं म्हणून लिहायला बसलोय. दुसरीतून शाळा सुटली माझी, तेव्हा अक्षराकडं बघू नको.

मी मुंबईत एका गिरणीत बायांच्या खात्यात आहे. तिथं बाया मशीनवर सूत गुंडाळतात आणि मी त्यांना भरलेल्या बाबिनींच्या करंड्या नेऊन देतो. याआधी तीन ठिकाणी काम धरलं आणि सोडलं, माझा पाय कुठं टिकत नाही हे तुला ठाऊकच आहे. इथं दीड वर्ष टिकलो ते खिडकीजवळच्या मशीनवरच्या बाईमुळं. साताऱ्याकडची आहे, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी. मी नवा होतो तेव्हा सगळ्या बाया माझ्या बोलण्याची नक्कल करायच्या. मी नाचणीला नागली म्हणालो की खातंभर हसू. ही मात्र दुसऱ्या दिवशी डबा उघडून म्हणाली, "ये रे, नागलीची भाकरी आणलीय." तेव्हापासून ती नागलीच म्हणते. एकदा माझ्या हातून करंडी सांडली, सगळं सूत गुंतलं, तर साहेबाला तिनं सांगितलं की आपलाच धक्का लागला. साहेबानं तिला चार शब्द ऐकवले, ते तिनं ऐकून घेतले.

ती बाळंतपणाच्या रजेवर निघाली होती. रजा म्हणजे काय ते तुला सांगायला पाहिजे. बाईनं घरी बसायचं आणि गिरणीनं पैसे द्यायचे, तसा कायदा आहे. तू हसशील. तुला रजा कोण देणार होतं, जंगल का बाजार? नवव्या महिन्यापर्यंत तू डोक्यावर मोळी घेऊन जामसरच्या पलीकडून जव्हारला चालत जायचीस.

हिची ही दुसरी खेप. पहिल्या खेपेला मूल आठव्या दिवशी गेलं आणि ही तापानं फणफणून जेमतेम उठली. त्यामुळं या वेळी सगळ्या बायांच्या जिवाला घोर होता, पण तोंडानं कुणी काढत नव्हतं. त्यांनी वर्गणी केली. बाळाला चांदीचे वाळे द्यायचे ठरलं. खात्यावर एक नाईकीण असते, बायांवर देखरेख करणारी, तिनं पैसे रुमालात बांधून माझ्याकडं दिले, कारण माझी पाळी आधी सुटायची आणि मी घासाघीस बरी करतो. म्हणाली, "नाजूक बघ. आणि घुंगरू असलेले आण."

सोनाराच्या दुकानात मी गेलो, आये. त्यानं वाळे काढून माझ्या दोन बोटांत घातले आणि हलवून दाखवले. इतके छान वाजले. मी पैसे काढणार, तेवढ्यात मला ती टोपी आठवली, आणि टोपीमागून मोळ्या.

तुझ्यासोबत लाकडं विकणाऱ्या बाया होत्या ना, त्यांनी पाऊस लागायच्या आधी, तू बाजाराला जायची थांबलीस त्या दिवशी, प्रत्येकीनं एकेक मोळी आपल्या पडवीत आणून टाकली. सुकी, खैर-धावड्याची, बाजारात पटकन जाणारी लाकडं. चौदा मोळ्या होत्या. मी सकाळपासून वाट बघत बसलो होतो की माझ्या आयेला तिच्या सोबतिणी काहीतरी देणार, निदान गूळ-खोबरं. आणि ही लाकडं! आपल्याच घरची लाकडं आपण विकतो, आणि भेट म्हणून परत लाकडंच? मला लाज वाटली. तू मात्र पडवीत बसून प्रत्येक मोळीवरून हात फिरवत होतीस, आणि कुठली कुणाची ते मला सांगत होतीस. मी ऐकत नव्हतो. पुढच्या बाजाराला मी त्यातल्या दोन मोळ्या दोन खेपांत डोक्यावरून नेल्या, विकल्या आणि बाळासाठी टोपी घेतली. म्हटलं, भेट म्हणतात ती ही.

बहीण ऐन आषाढात झाली. बाहेर काडी सुकी मिळेना. सुईणीनं सांगितलेलं, महिनाभर ऊन पाण्यानं न्हायचं, शेक घ्यायचा, गारठा लागू द्यायचा नाही. बा तेव्हा मोखाड्याच्या पलीकडं कोळशाच्या भट्टीवर. उरलेल्या बारा मोळ्या पुरल्या त्या पंचवीस-सव्वीस दिवस. मग एका सकाळी मी उठलो तर तू कुडाच्या भिंतीतल्या कारवीच्या काठ्या उपसत होतीस, पाठीमागच्या बाजूच्या, शेण-माती झाडून एकेक. त्यावर पाणी तापवलंस. चार-पाच दिवस असंच. कुडाला भोक पडलं, त्यातून गार वारा थेट माझ्या अंथरुणावर यायचा, आणि बा दिवाळीला येऊन ते लिंपेपर्यंत मी त्यापुढंच निजलो. तू मला रागं भरली नाहीस. मारलंही नाहीस. एकदाच, पाणी उतरवताना म्हणालीस, "बाळाला सगळेच आणतात रे. बाईला कोण आणतं?" मला वाटलं, टोपीला नावं ठेवतेस. मी रुसून बाहेर गेलो.

सोनाराला मी वाळे परत दिले. तो मागून काहीतरी बोलला. मी सरळ कोळशाच्या वखारीत गेलो. इथं चाळीत चूल नाही, शेगडी आणि कोळसा. वखारवाल्याला विचारलं, कुठला? म्हणाला, जव्हार-मोखाड्याकडचा, एक नंबर. मी दोन तुकडे एकमेकांवर आपटून बघितले. बा सांगायचा, नीट जळालेला कोळसा भांड्यासारखा वाजतो. वाजला. सगळ्या वर्गणीचं मोठं पोतं घेतलं, आणि अंगात आलं असेल काहीतरी, तसाच डोक्यावर घेऊन गिरणीच्या फाटकाशी उभा राहिलो.

पाळी सुटली, बाया बाहेर आल्या. फाटकाजवळच्या पिंपळाखाली तिची ओटी भरायची होती. नारळ, खण, हळदीकुंकू सगळं तयार. मी पोतं खाली ठेवलं आणि सांगितलं, हे आणलंय. कुणाला काही कळेना. नाईकिणीनं पोत्याचं तोंड सोडून बघितलं, मग माझ्याकडं बघितलं.

"पोटुशी बाईला काळं देतोस? वाळे सांगितले, तर काळं तोंड घेऊन आलास?"

तोंड खरंच काळं झालं होतं माझं, पोतं गळत होतं. दोघी-तिघी हसल्या, पण हसणं लगेच विरलं. एक म्हातारी म्हणाली, जंगलातला आहे, त्याला काय रीत ठाऊक. दुसरी म्हणाली, पैसे परत घेऊन ये जा आत्ता. मला इतकंच वाटत होतं की पळून जावं आणि दुसरी गिरणी बघावी. शुभ-अशुभाचं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं, आये. आपल्याकडं कोळसा म्हणजे बाची मजुरी. तो काळा आहे म्हणून कुणी त्याला नावं ठेवल्याचं मी ऐकलं नव्हतं. पण इथं एकदा घरातून लेकरू गेलेल्या बाईपुढं मी काळं पोतं ठेवलं होतं. तिच्या मनात काय आलं असेल, या भीतीनं मी तिच्याकडं बघत नव्हतो.

ती पुढं झाली. वाकायला जमत नव्हतं तरी वाकली आणि पोत्यात हात घातला.

"गेल्या खेपेला पाचव्या दिवसापासून गार पाण्यानं न्हाले मी," ती म्हणाली. "घरात कोळसा नव्हता. आमच्या मालकाचा पगार व्हायचा होता. सांगू कुणाला? तुम्ही सगळ्या बाळाला बघायला आलात, कपडे घेऊन." मग माझ्याकडं वळली. "तिसऱ्या माळ्यावर राहते मी. हे वर कोण चढवणार?"

मी म्हटलं, मी.

नाईकिणीनं तिची ओटी भरली, आणि उरलेलं हळदकुंकू हातात घेऊन थोडी घुटमळली. मग पोत्याच्या तोंडाला पण बोट लावलं. म्हणाली, "संपलं की कळव गं. पुढचं माझ्याकडून." मग ती म्हातारी म्हणाली, मी येईन सकाळची, पाणी तापवून देईन, पुढच्या महिन्यात माझी दुसरी पाळी आहे.

तिसऱ्या माळ्याच्या पायऱ्या चढताना ती माझ्या मागून हळूहळू येत होती. मी दोनदा थांबलो तिच्यासाठी. दाराच्या आत पोतं ठेवलं, बाहेरच उभा राहिलो. तिनं पाणी दिलं आणि विचारलं, घरी कोण कोण आहे तुझ्या? मी म्हटलं, कुणी नाही. आई लहानपणीच गेली.

बहीण आहे हे मी सांगितलं नाही. चौदा वर्षांची झाली असेल, आये. तुझ्यामागून बाही गेला, तेव्हापासून शेजारची मावशी तिला वाढवते, आणि मावशी आता थकली म्हणून तीच मोळी घेऊन जव्हारला जाते, असं गावच्या एका माणसानं सांगितलं होतं. ते ऐकून मी विषय बदलला होता. गेल्या होळीपासून मी तिकडं काहीच धाडलेलं नाही. कमी पडतात म्हणून नाही. धाडायचं राहिलं, मग लाज वाटली, मग लाजेनं आणखी राहिलं.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार? ठेवतो इथंच पेटीत. उद्या सुट्टी आहे, टपालात जाऊन मावशीच्या नावानं मनिऑर्डर करतो. कुपनावर लिहीन की पोरीसाठी आहेत, घरात वापरू नका. अकरा रुपये.