डोंगर तीनपर्यंत पडणार नाही

रविवार, ता. ९ फेब्रुवारी. संध्याकाळ.

तर सगळ्यात आधी आली शिंपीणबाई. ती कायमच आधी येते, कारण तिच्या आणि माझ्या खोलीत एकच भिंत आहे आणि माझा टीव्ही तिला माझ्याआधी ऐकू येतो. खांद्यावर कुणाची तरी एकच पाय शिवून झालेली पॅन्ट, तोंडात टाचण्या. टाचण्या असल्या की ती बोलत नाही, म्हणून कुस्तीच्या वेळी मला त्या फार आवडतात. मग आले समोरच्या घरातले रिटायर कंपाउंडर, स्वतःची खुर्ची घेऊन. माझ्या खुर्चीने त्यांची कंबर धरते म्हणे. आल्याआल्या नेहमीचं म्हणाले, मावशी, हे सगळं आधी ठरलेलं असतं, नाटक आहे. मी नेहमीचं म्हणाले, मग नाटकाला दर रविवारी खुर्ची घेऊन कशाला येता.

शेवटी मुलगा, सून आणि नात. तिघं चौथ्या मजल्यावरून चालत उतरून आले, त्यांची लिफ्ट पुन्हा बंद आहे. सुनेने आधी ओट्यावरचं पातेलं बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, पातेल्याचा रंगच तसा आहे.

डोंगर, म्हणजे आमचा टीव्हीवरचा पैलवान, जिंकला. जिंकणारच. अकरा वर्षं बेल्ट त्याच्या कमरेला आहे आणि अकरा वर्षांत रेफ्रीने त्याच्यावर तीन मोजलेले नाहीत. तीन झाले की हार, पण तो दोनपर्यंत मोजतो, मग डोंगर खांदा उचलतो. त्याला कारण आहे. रेफ्रीने मोजायला हात आपटला की आमच्या घरी सगळ्यांनी दोन्ही पाय जमिनीवरून उचलायचे, असा नियम आहे. कुणी सुरू केला आठवत नाही, बहुतेक मीच. एकटे कंपाउंडर पाय उचलत नाहीत. त्यांच्यामुळेच दोनपर्यंत जातं, नाहीतर डोंगर एकवरच उठला असता.

मग चहा झाला आणि मुलाने तो विषय काढला. आई, आता एकटी राहू नकोस, आमच्याकडे चल, पिंकीच्या खोलीत तुझी कॉट बसते. (पिंकी म्हणजे नात.) मी आनंदात होते, बेल्ट अजून डोळ्यांसमोर चमकत होता. म्हटलं, "डोंगर ज्या दिवशी तीनपर्यंत पडून राहील ना, त्या दिवशी बोचकं बांधून येते. तोवर हा विषय बंद."

मुलाने लगेच हातावर टाळी घेतली. नातीने सगळं मोबाइलमध्ये धरून ठेवलं. मला काय, अजून अकरा वर्षं मिळाली.

मंगळवार, ता. ११.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, रोज चार ओळी लिहा, म्हणजे आठवण शाबूत राहते. माझी शाबूतच आहे. काल लिहिलं नाही ते वही सापडेना म्हणून. फ्रिजमध्ये होती.

रविवार, ता. १६. दुपार.

बातमी आली. ९ मार्चला महामुकाबला, सकाळी सात वाजता थेट. स्टेडियममध्ये सत्तर हजार माणसं आणि डोंगरासमोर तो नवा पोरगा, चमकीचड्डी. खरं नाव वेगळं आहे, घ्यायची इच्छा नाही. चोवीस वर्षांचा. केसांना तेल, अंगाला तेल, चड्डीला टिकल्या. रिंगच्या तारेवरून कोलांटी मारून माणसाच्या अंगावर पडतो. ही काय कुस्ती झाली? हे तर वाळत घातलेलं धुणं पडल्यासारखं झालं.

पुढे सांगितलं, की डोंगर हरला तर कायमचा रिटायर. त्याचं वयही दाखवलं, शेहेचाळीस. टीव्हीवर कुणाचं वय दाखवू नये.

मुलगा म्हणाला, तू पण शब्द दिलायस. मी म्हटलं, दिलाय, आणि मोडणारी मी नाही. हसत म्हटलं. चमकीचड्डीला डोंगर सात मिनिटांत गुंडाळेल. आठ धरा.

शुक्रवार, ता. २१.

सकाळी बाथरूममध्ये बसले. पडले नाही, बसले. फरशी खालून कशी दिसते ते कधी बघितलं नव्हतं. कोपऱ्यात बरीच घाण आहे, कुणीतरी काढायला हवी. तासभर बसले. मग भिंतीवर डबा वाजवला, शिंपीणबाई आली, तिने काखेत हात घालून उठवलं. ती टाचण्या काढून ठेवून आली होती, त्यामुळे बरंच बोलली. मुलाला सांगणार नाही असं तिच्याकडून कबूल करून घेतलं.

डोंगरही असाच पडून राहतो. लोकांना वाटतं संपला. तो दम खात असतो. डावपेच असतो तो.

रविवार, ता. २३.

चमकीचड्डीने डोंगराला मागून खुर्ची मारली. भर स्टेजवर, डोंगर भाषण करत असताना. रेफ्री कुठे बघत होता? दुसरीकडे. माझं सव्वीस वर्षांचं म्हणणं आहे, की या रेफ्री लोकांना मान वळवता येत नाही. लढत समोर, आणि हे गृहस्थ प्रेक्षकांशी हुज्जत घालतात. आणि त्या रिंगच्या खाली खुर्च्या, टेबलं, शिडी हे कोण ठेवतं? आमच्याकडे कॉटखाली बॅग ठेवली तरी सून म्हणते, अडखळाल.

डोंगर गुडघा धरून गेला. उजवा. माझाही उजवाच. आज दोन वेळा खिडकीपर्यंत जाऊन आले. पेपरवाल्याने विचारलं, आजी लंगडताय का. सांगितलं, चप्पल नवी आहे. चप्पल घातलेली नव्हती. त्याचं लक्ष नसतं.

गुरुवार, ता. २७.

कुस्तीच्या कंपनीच्या मुख्य साहेबांना पत्र पाठवलं. मी सांगितलं, नातीने मोबाइलवर लिहिलं. मुद्दे असे. रेफ्रीला मागे बघायला शिकवावं. रिंगखालच्या सामानाला कुलूप लावावं. डोंगराचा गुडघा दुखावला आहे, तेव्हा लढत दोन महिने पुढे ढकलावी, तेवढ्यात माझाही, म्हणजे त्याचाही, बरा होईल.

साहेबांचं उत्तर एका मिनिटात आलं. एवढा मोठा माणूस, पण किती तत्पर. नातीने वाचून दाखवलं, आपण आमच्यावर दाखवलेल्या प्रेमाबद्दल आभार, आपलं म्हणणं आम्हाला महत्त्वाचं वाटतं. नात म्हणाली, आजी, हे मशीन सगळ्यांना पाठवतं. आजकालच्या मुलांचा कशावर विश्वास नाही. म्हणणं महत्त्वाचं वाटतं असं स्पष्ट लिहिलंय.

आता काळजी नाही.

रविवार, ता. २ मार्च.

लढत पुढे ढकलली नाही. कुलूपही लावलं नाही. आज चमकीचड्डीने शिडी वापरली.

साहेबांच्या हाताखालची माणसं ऐकत नसतील.

मंगळवार, ता. ४.

रात्री झोप नाही, दिवसा डुलक्या. डोळा लागला की समोर चौथा मजला येतो. तिथल्या खिडकीतून माणसांची नुसती टाळकी दिसतात. टाळक्याशी काय बोलणार? इथे खिडकीत बसलं की पेपरवाला, पोस्टमन, शाळेच्या बाई, लंगडं कुत्रं, सगळे तोंडासमोरून जातात. सून वाईट नाही. फार चांगली आहे, मला काही करू देत नाही. दोन दिवस राहिले होते तेव्हा चमचा धुवायला घेतला तरी काढून घ्यायची. तिच्या घरी मी शोकेसमधल्या बाहुलीसारखी बसले होते. लिफ्ट बंद, म्हणून खालीही जाता येईना.

हे सगळं आपलं उगाच लिहिलं. तशी वेळ यायचीच नाही. डोंगर आहे.

गुरुवार, ता. ६. संध्याकाळ.

ओट्यापाशी खाली बसले. ओट्याखाली काय गेलंय बघत होते. काही गेलं नव्हतं. या वेळी कंपाउंडर आले, क्रेप बँडेज बांधलं, बांधता बांधता म्हणाले, मावशी, पंधरा दिवसांत दुसऱ्यांदा. म्हणजे शिंपीणबाई बोलली. तिच्याशी अबोला धरला. दुपारी तिने कणिक मळून आणली म्हणून सोडला.

कंपाउंडरांनी हळूच एक विचारलं. म्हणाले, समजा तुम्ही मान्य केलंत की हे सगळं आधी ठरलेलं नाटक असतं, तर डोंगर हरला तरी तो खरा हरला असं होत नाही. मग तुमचा शब्दही लागू होत नाही. जागेवर राहाल. फक्त एकदा माझं म्हणणं खरं म्हणा.

माणूस वकील व्हायचा, कंपाउंडर झाला.

मी त्यांना चहा न देता घालवलं. मग तासभर विचार केला. कुणाला कळणार नाही, नुसतं म्हणायचं तर आहे. पण मग त्या अकरा वर्षांचं काय? त्याच्या कपाळावरचे टाके काय शिंपीणबाईने घातले? माझे हे गेल्यावर पहिल्या रविवारी टीव्ही लावला, तेव्हा समोर डोंगरच होता. तो तेव्हा पडला आणि उठला. ते नाटक होतं असं मी म्हणायचं?

नाही म्हणणार. गरजही पडणार नाही.

शनिवार, ता. ८.

तयारी पूर्ण. सगळ्यांच्या जागा ठरवल्या, मागच्या वेळी जिंकला तेव्हा होत्या तशाच. शिंपीणबाईला तीच पॅन्ट आणायला सांगितली. ती म्हणाली, गिऱ्हाईक घेऊन गेलं. दुसरी एका पायाची आणायला सांगितली. रिमोटला नवे सेल. पाय उचलायचा सराव केला. डावा झकास. उजवा उद्यापर्यंत होईल.

माझा अंदाज, नऊ मिनिटं.

रविवार, ता. ९ मार्च. दुपार.

आज सगळ्यात आधी कंपाउंडर आले. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

मग शिंपीणबाई, मग हे तिघं. मुलगा माझ्या जागेवर बसला होता, त्याला उठवलं. सून बिस्किटं घेऊन आली. डॉक्टरच्या बाहेर बसल्यासारखे बसले सगळे.

नऊ मिनिटं झाली. एकोणीस झाली. डोंगराने त्याला दोनदा उचलून आपटलं, दोनदा चमकीचड्डी उठला. एवढं मात्र लिहिते, पोरगा रडीचा डाव खेळला नाही. आज खुर्ची नाही, शिडी नाही. रेफ्रीसुद्धा सारखं समोर बघत होता. माझं पत्र पोचलं होतं.

मग तो तारेवर चढला आणि पडला डोंगराच्या अंगावर. रेफ्रीचा हात आपटला. एक. मी पाय उचलले. डावा आला. उजवा येईना. दोन. दोन्ही हातांनी मांडी धरून ओढला, पाऊल जमिनीला चिकटवल्यासारखं. मुलाचे पाय वर, सुनेचे वर, नातीचे वर, शिंपीणबाईचे वर. आणि कंपाउंडरांचेही दोन्ही पाय वर. अकरा वर्षांत पहिल्यांदा. कंबर धरली तरी वर.

तीन.

नुसता माझा उजवा पाय खाली होता.

डोंगर उठला, पण आता उठून काय. त्याने बेल्ट स्वतःच्या हाताने त्या पोराच्या कमरेला बांधला. मग खाली बसून बूट सोडले, रिंगच्या मधोमध ठेवले आणि अनवाणी निघून गेला. सत्तर हजार माणसं उभी होती. शिंपीणबाई पॅन्टच्या एका पायाने डोळे पुसत होती.

मग नातीने मोबाइल काढला, म्हणाली, आजी, तो व्हिडिओ पुसून टाकते. मुलगा म्हणाला, आई, ती आपली गंमत होती. सून पातेलं घासायला उठली. कंपाउंडर खुर्ची सरकवून माझ्यासमोर आले. म्हणाले, "मावशी, म्हणा ना नाटक आहे. आज मीच मागतोय."

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. एक शब्द बोलायचा होता.

मी म्हटलं, "खरी कुस्ती होती. तो खरा हरला."

कंपाउंडरांनी मान खाली घातली. म्हणाले, हो मावशी, खरी होती. मग चष्मा पुसला. वाद जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता मला.

सोमवार, ता. १०.

बोचकं बांधायला घेतलं. बोचकं म्हटलं होतं, चार बॅगा झाल्या. टीव्ही न्यायचा नाही, तिथे मोठा आहे, पण त्यावर कुस्तीचं चॅनेल नाही. मुलगा म्हणाला, लावून घेऊ. मी म्हटलं, कशाला. डोंगर नाही, तर आता बघायचं काय, त्या टिकल्या? मग म्हटलं, बरं, लाव. चमकीचड्डीला तारेवरून नीट उतरता येत नाही, कुणीतरी लक्ष ठेवायला हवं.

शिंपीणबाईने भिंतीवर दोनदा ठोकलं. मी एकदा ठोकलं. काय म्हणायचं होतं ते दोघींनाही माहीत नाही.

कंपाउंडरांनी आपली खुर्ची इथेच ठेवली, नेली नाही. विचारलं तर म्हणाले, तुमच्या सामानाबरोबर चौथ्या मजल्यावर जाऊ दे, मी येणारच दर रविवारी. मी त्यांना लिफ्टबद्दल काही सांगितलं नाही.

चप्पल दारातच ठेवलीय, डोंगराने रिंगच्या मधोमध बूट ठेवले तशी. मग आठवलं, जाताना घालायला लागेल.

मुलगा, सून आणि नात परत यायचे आहेत येत्या रविवारी, ता. १६ मार्च, सकाळी नऊ वाजता. टेम्पो घेऊन.