सुईभोवतीचं पाणी

उमेळे, मंगळवार

प्रिय सुमेध,

सहा वर्षांनी माझं अक्षर पाहून पाकीट फोडावं की नाही, असा विचार तू नक्की केला असशील. फोडलंस, बरं झालं.

गेल्या महिन्यात आगाशीच्या बाजारात तू दिसलास. टेम्पोतून केळीचे घड उतरवत होतास. हाक मारणार होते, पण पाय मागे फिरले. तेव्हापासून कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेची नळी हातात घेतली, की तू मागे उभा आहेस असं वाटतं. वळून बघते, तर कुणी नसतं.

वालीवला तुझ्या काकांच्या कारखान्यामागची आपली ती प्रयोगांची खोली आठवते? तापलेल्या बारीक सुईला पाण्याचा पातळ थर लगटून वाहतो आणि सगळी उष्णता त्यातूनच बाहेर पडते, हे तू मला चहाच्या ग्लासात दाभण धरून समजावलं होतंस. पाण्यात अ‍ॅल्युमिनाचे अतिसूक्ष्म कण मिसळले तर सुई किती लवकर निवेल, याचं गणित तू मांडलंस; मोजमाप माझ्याकडे होतं. माझे आकडे आले ते जवळजवळ साध्या पाण्याचे. आपले मार्गदर्शक सर सादरीकरणात सगळ्यांसमोर म्हणाले, "सुमेध, सुई तुझं ऐकत नाही रे." तू हसलास. बाहेर आल्यावर एवढंच विचारलंस, "रेवा, पाणी नीट ढवळलं होतंस ना?" मी हो म्हटलं. पुढे दोन वर्षं तू ती समीकरणं खोडत राहिलास, पुन्हा लिहीत राहिलास, आणि एक दिवस वह्या माझ्याकडे ठेवून वाडीवर निघून गेलास. आपल्या लग्नाचं बोलणंही तिथेच थांबलं.

ढवळलं नव्हतं, सुमेध. कण ढवळायचं यंत्र बिघडलं होतं, सोमवारी सादरीकरण होतं, शिष्यवृत्ती जाईल अशी भीती होती. चार दिवस ठेवलेलं पाणी मी तसंच वापरलं. तळाशी तांदळाच्या पिठासारखा पांढरा थर बसलेला मला दिसत होता. सगळे कण तिथे होते. सुईभोवती नुसतं पाणी. नंतर कितीदा सांगायला आले, पण तोंडून दुसरंच काही निघायचं.

मागच्या आठवड्यात तोच प्रयोग मी नीट केला. तीनदा. तिन्ही वेळा तुझेच आकडे आले. काल सरांना आणि विद्यापीठाला सगळं लेखी कळवलं. माझी पदवी राहील की नाही, ठाऊक नाही. चौकशीसाठी तुलाही फोन येईल. हे तुला परक्या माणसाकडून कळू नये, म्हणून लिहिते आहे. माफी मागत नाही. तुझं गणित पहिल्या दिवसापासून बरोबर होतं.

एके काळी तुझीच असलेली,
रेवा