पहिल्या वर्षाचं पाणी

रविवार, ता. ९

भिंगरीस आईचे आशीर्वाद. घ्यायचे तर घे, नाहीतर ठेव बाजूला.

तुझी चिठ्ठी पोचली. मुलगी झाली, दोघी धडधाकट आहात, बरं वाटलं. खाली लिहिलंयस, 'माझ्या हाताचं खरं काय ते लिहून पाठव. मगच नातीला बघायला ये.' वाचलं. चौथीत शाळा सुटली माझी, लिहायला वेळ लागतो.

नर्सरीत काम पुष्कळ आहे. तुला ते माळावरचं गवत आठवत असेल, त्याचंच बी आणि रोपं करतो आम्ही. इथलंच आहे, एकदा लागलं की माणसं मरतात, ते मरत नाही. मुळं पुरुषभर खोल. त्याला लाड चालत नाहीत. दिवसभर ऊन पाहिजे, माती भिकार असली तरी चालते. खत घातलं की माजतं आणि आडवं पडतं. नवे कोंब यायच्या आत बुडाशी छाटायचं, नाहीतर सरळ पेटवायचं. थंडी सरताना अर्धा माळ पेटवला आम्ही. धुरातून एक ससा आला, अंगावर जाळ घेऊन. बाकीच्या बाया किंचाळत बसल्या. मी फावड्यानं एका घावात संपवला. मुकादम म्हणतो, "तुला भिऊनच उगवतं हे गवत."

यंदा एक वाफा मेला. नवं बी पेरलेला, बोटभर रोपं होती. आमच्यात एक नवी बाई लागलीय, तिनं दोनदा विचारलं, "ताई, सुकतायत हो. पाणी सोडू का?"

म्हटलं, "हे गवत पाणी मागत नाही. नळाला हात लावलास तर तोडीन."

चौथ्या दिवशी सगळ्याचा भुगा. ती एवढंच बोलली, "मी सांगत होते." मी रबरी पाइप उचलला आणि हाणला. एकदा नाही. कान फाटला तिचा, पदर रक्तानं भरला. तिनं डावं कोपर वर करून तोंड झाकलं. तू झाकायचीस तसंच. चाळिशीची बाई, आणि कोपर तुझं.

मग माझा हात थांबला. थांबला म्हणजे मुकादमानं धरला. खोटं कशाला लिहू.

तो म्हणाला, "मोठ्या गवताचा कायदा बोटभर रोपाला लावलास? पहिल्या वर्षी पाणी लागतंच, हे तूच शिकवलंस ना मला?"

शिकवलं होतं. पंधरा वर्षं नव्या येणाऱ्या प्रत्येकीला सांगतेय.

काम पुष्कळ आहे असं वर लिहिलं, ते असेल. मी घरी बसलेय. बाईनं तक्रार केलीय, आणि बरोबर केलीय.

आता हाताचं. तू शेगडीवर पडली नव्हतीस. सात वर्षांची होतीस. मी फरशी पुसली होती आणि तू ओल्या पायांनी तिच्यावरून गेलीस. एवढंच. उलथनं मी तापवलं. लाल होईपर्यंत थांबले, तुला दंडाला धरून. तेवढ्या वेळात राग उतरायला हवा होता. नाही उतरला. तू आधी ओरडलीस, मग नुसतं तोंड उघडं, आवाजच नाही. डॉक्टरला, शेजारणीला, तुझ्या बापाला मीच सांगितलं, पडली. तुलाही इतक्यांदा सांगितलं की कुणी विचारलं तर तू माझ्या आधी मान हलवायचीस.

वाटायचं, लाड केले तर आडवी पडशील.

हा कागद कुणालाही दाखव. तुझ्या नवऱ्यालाही. मी आले तर पोरीला माझ्या हातात देऊ नकोस. मी मागेन, दारात भांडेन, तुला नाही नाही ते बोलेन. मला ओळखतेस. तरी देऊ नकोस. लांबून दाखव.

जिनं तुझा हात भाजला ती,
तुझी आई