आता दुपटं सोड

प्रिय घुम्या,

या नावानं हाक मारायचा हक्क मला आता उरलेला नाही, पण दुसरं काही लिहून पाहिलं तर पत्र बँकेच्या मॅनेजरला लिहिल्यासारखं दिसायला लागलं. आपण नवरा-बायको होतो तेव्हा एकमेकांना एक ओळही कधी लिहिली नाही. एकाच घरात राहणाऱ्यांनी पत्रं कशाला लिहायची, असं वाटायचं. खरं तर तेव्हाच लिहायला हवी होती. तू तोंड उघडायचा नाहीस, मी उघडलं की मिटायचे नाही, आणि या सगळ्यात जे सांगायचं ते राहूनच जायचं. आजही मुद्द्याचं आधी लिहायचं ठरवून बसलेय, पण तुझ्याशी थेट मुद्द्यावर येणं मला कधी जमलं नाही. तेव्हा थोडं सोसून घे.

मी बरी आहे. त्याच प्रसूतिगृहात, फक्त आता बाळंतिणींच्या वॉर्डची मुख्य सिस्टर. म्हणजे काम तेच, वर सह्या. गुडघे कुरकुरतात, चष्मा सारखा हरवतो आणि डोक्यावरच सापडतो. होणाऱ्या आईबापांचा वर्ग अजून मीच घेते. त्याच वर्गात काही महिन्यांपूर्वी तू दार ढकलून आत आलास, आणि तुझ्या मागोमाग पोट सांभाळत ती, तुझी आताची बायको. तू मला पाहिलंस आणि भिंतीवरच्या आग विझवायच्या लाल नळकांड्याकडे असा बघत राहिलास, जणू ते विकत घ्यायला आला होतास. मी म्हटलं, बसा. आवाज कापला नाही माझा. इतक्या वर्षांच्या नोकरीचा एवढा तरी उपयोग.

मग मी नेहमीसारखं शिकवलं. पातळ सुती दुपटं तिरकं पसरायचं, वरचं टोक दुमडायचं, बाळाचे खांदे त्या दुमडीशी आणायचे. एक बाजू अंगावरून नेऊन पाठीखाली, मग दुसरी. एका भावी बापानं बाहुली उलटी गुंडाळली आणि दुपट्यातून पाय वर आले, तेव्हा सगळे हसले. तू हसला नाहीस. तू एका दमात अशी बांधलीस की ती बाहुली गच्चीवरून टाकली असती तरी तिला खरचटलं नसतं. का नाही बांधणार! काचसामानाच्या कारखान्यात खोकी भरण्यात आयुष्य गेलं तुझं, तुझ्या हातचं खोकं कधी फुटून परत आलं नाही, आणि घुम्यासारखा असलास तरी ही एक गोष्ट तू पाहुण्यांना न विचारता सांगायचास. मी बाहुलीच्या छातीशी बोटं घालून पाहिली. एकही जाईना. तुला सैल करायला सांगितलं आणि तू केलंस.

पुढचं सगळ्यांना सांगितलं. छातीशी दोन बोटं जायला हवीत. कमरेखाली ऐसपैस सोडायचं, पाय बेडकासारखे दुमडता आणि फाकवता यायला हवेत, सरळ करून आवळले तर खुबे बिघडतात. कापड खांद्याच्या वर येता कामा नये. मानेमागं हात लावून बघायचं, घाम असेल तर बाळाला उकडतंय. झोपवायचं ते फक्त पाठीवर. आणि ज्या दिवशी ते कुशीवर वळायला बघेल, त्या दिवसापासून दुपटं बंद. हे शेवटचं मी बोलत होते तेव्हा तू बाहुलीच्या पायांकडे बघत होतास. तुझी ती नजर मला ओळखीची आहे. तू खोलीत असतोस आणि नसतोस.

वर्ग संपल्यावर तू खुर्च्या एकावर एक रचायला थांबलास. कुणी सांगितलं नव्हतं. मी बाहुल्या कपाटात ठेवत होते. तू विचारलंस, बरी आहेस ना. मी म्हटलं, बरी आहे. एवढ्यात ती तुला बोलवायला परत आली. एवढ्या वर्षांनी भेटून आपण एवढंच बोललो, आणि तेही मला पुढे कितीतरी दिवस पुरलं.

आपल्या होणाऱ्या बाळासाठी तू केलेला तो छोटा कठड्याचा पलंग आठवतो? कारखान्यातल्या खोक्यांच्या फळ्या घासून घासून लोण्यासारख्या गुळगुळीत केल्या होत्यास. त्या पलंगाभोवती आपली वर्षं गेली. औषधं, सुया, वाट बघणं, आणि मग माझं न्हाणीघरात दार लावून बसणं. डॉक्टर म्हणाले, अजून एकदा बघता येईल. मी तुझ्याकडे न बघताच हो म्हटलं. घरी आल्यावर तू बूट काढता काढता म्हणालास, "पुरे आता." आणि थोड्या वेळानं, "तुला असं बघवत नाही गं मला." दुसरं वाक्य मला ऐकूच आलं नाही. नंतर आलं, फार नंतर. दुसऱ्या दिवशी मी ड्युटीवर असताना तू पलंगाचे स्क्रू काढून तो शेजाऱ्यांना देऊन टाकलास. मी परतले तर फरशीवर चार पायांचे चार डाग. मी भांडले नाही. डोकं शांत होईपर्यंत म्हणून नर्सांच्या वसतिगृहात गेले.

तू माझा स्वेटर घेऊन वॉर्डच्या दाराशी आला होतास. हवा बदलली होती, थंडी पडायला लागली होती. मी आत होते, एक बाई अडली होती. बाहेर आले तेव्हा वॉचमननं पिशवी हातात दिली आणि म्हणाला, साहेब बराच वेळ बसले होते. मी ठरवलं, आज ड्युटी संपली की सरळ घरी जायचं. तेवढ्यात दुसरी बाई आली. मग म्हटलं उद्या. उद्याचं परवा झालं, आणि जितके दिवस गेले तितकं दार वाजवणं अवघड होत गेलं. तू पुन्हा आला नाहीस, मी गेले नाही. शेवटी वकिलाच्या टेबलावर आपण सह्या अशा केल्या, जशी वाचनालयाची पुस्तकं परत करतात. कुणी कुणाला फसवलं नाही. कुणी आवाजसुद्धा चढवला नाही. नुसतं राहून गेलं. याचीच जास्त हळहळ वाटते, घुम्या. काही मोठं घडलं असतं तर त्याच्याकडे बोट तरी दाखवता आलं असतं.

तू त्या दिवशी बरोबर होतास, हे तुला सांगायचंही राहून गेलं. मला थांबता येत नव्हतं. तू थांबवलंस.

तुझ्या मुलीचा जन्म झाला त्या दिवशी मी आजारी असल्याचं कळवून सुट्टी घेतली. घरी बसून कपाट आवरलं, मग आवरलेलं पुन्हा आवरलं. नंतर वॉर्डात आले तेव्हा तुम्ही घरी गेला होतात. पुन्हा तिच्या तपासण्या असायच्या तेव्हा मी मुद्दाम दुसऱ्या मजल्यावर असायचे. त्यामुळे तुझी लेक मी आज पहिल्यांदा पाहिली.

हो, आज. तुझी बायको सकाळी तिला घेऊन माझ्याकडे आली. काल दुपारी काय झालं ते तिनं सांगितलं. तिनं बाळाला गुंडाळून पाठीवर झोपवलं आणि कपडे वाळत घालायला गेली. परत येते तो पोर वळलेली, तोंड गादीत रुतलेलं, हात बांधलेले, आणि बारीकसा घुसमटलेला आवाज. तिनं झडप घालून उचललं म्हणून बरं. संध्याकाळी तू आलास, तिनं सांगितलं, आणि तू काय केलंस? दुपटं सैल राहिलं म्हणून वळली असं म्हणालास आणि आणखी घट्ट बांधलंस. तिनं अडवलं तर तुमचं भांडण झालं. ती माझ्यासमोर बाळाचा लंगोट बदलता बदलता, मान वर न करता म्हणाली, "तुम्हीच सांगा ताई. तुमचं ऐकतील." मी म्हटलं, माझं का? तर म्हणाली, "त्या दिवशी वर्गात सगळ्यांना अहो-जाहो करत होतात, आणि यांना एकट्यांना म्हणालात, सैल कर. आणि यांनी मुकाट्यानं केलं. घरी आल्यावर मी काही विचारलं नाही." मला जिभेवरून निसटलेला तो शब्द आठवतही नव्हता. भली बाई आहे रे. जप तिला.

बाळ ठणठणीत आहे, खुबे छान आहेत, मी स्वतः बघितले. तपासायच्या टेबलावर दुपटं सोडलं तर दोन्ही हात उडाले, दचकली, आणि मग एक मूठ तोंडात कोंबून माझ्याकडे बघत राहिली. तुझ्यासारखीच, काही न बोलता. ती दचकली की तुझे हात दुपट्याकडे जातात, हे मला कुणी सांगायला नको. पण काचेला वळता येत नाही, तिला येतं. हात मोकळे असले तर ती तोंड बाजूला करू शकेल, स्वतःला उचलू शकेल. तेव्हा आजपासून दुपटं बंद. एक हात बाहेर ठेवून हळूहळू सोडवणं वळायला लागण्याआधी करायचं असतं, आता तेही नाही. पाठीवर झोपव, गादी सपाट हवी, उशी नको, जाड पांघरूण नको. पहिले काही दिवस ती रडेल, सारखी उठेल. तू जवळ बस, छातीवर हलकेच तळवा ठेव. एवढं पुरतं.

तुझी बायको आता बाहेर बाकावर बाळाला मांडीवर घेऊन बसलीय, हे पत्र तिच्याच हाती देतेय. मघाशी निघता निघता म्हणाली, "ताई, दर आठवड्याला आणू का हिला तुमच्याकडे? वजन करायला?" पोर तेव्हा माझ्या खांद्यावर होती, माझ्या मानेला तिचा श्वास लागत होता, आणि हो अगदी ओठांवर आलं होतं. आणा म्हटलं असतं, तर मी आठवडाभर दुसरं काही केलं नसतं, नुसती दाराकडे बघत राहिले असते. मी तिला सांगितलं, पुढच्या वेळेपासून शेजारच्या खोलीतल्या सिस्टरकडे जा, तिचा हात हलका आहे. तिला कळलं असावं. तिनं आग्रह केला नाही, फक्त बाळाला माझ्याकडून परत घ्यायला जरा वेळ लावला. तू या पत्राला उत्तर पाठवू नकोस.

कधीकाळची तुझीच