दुसऱ्याने लावलेली हजेरी

॥ श्री सिद्धनाथ प्रसन्न ॥
कोपरखैरणे, ता. १२ जून १९९७

राजलक्ष्मीच्या पप्पांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. माझं पत्र आधी तुरुंगातले साहेब वाचतात, म्हणून त्यांनाही नमस्कार. नवरा-बायकोच्या पत्रात त्यांना काय सापडणार? पण नोकरी आहे, वाचतात बापडे.

राजू दहावी पास झाली, त्रेसष्ट टक्के. पेढे देताना शेजारच्या शेवंताबाईंनी विचारलं, बापाला कळवलंस का. कळवते म्हटलं आणि आत जाऊन रडले. तुम्हाला नेलं तेव्हा ती दहा वर्षांची होती. आता माझ्या चपला तिला होतात.

आता मुख्य बातमी. आपल्या अपिलाच्या नव्या वकीलबाई, नमिताताई, दिवाळे गावच्या आहेत. बोलायला फटकळ, कामाला चोख. पोलिसांच्या कागदांच्या ढिगातून त्यांनी शहाजीभाऊंचा जबाब शोधून काढला. त्यात साफ लिहिलंय, की त्या दिवशी तुम्ही जत्रेला गावी होता आणि टोळीच्या हजेरीवहीत तुमच्या नावापुढची सही शहाजीभाऊंनी केली. तुमचा खाडा पडू नये म्हणून. माथाडी टोळीत सगळे एकमेकांसाठी करतात तशी. गावाकडचे साक्षीदार नातेवाईक म्हणून उडवून लावले आणि त्या एका सहीवरून कोर्टाने धरलं, की दुपारी गोदामात रखवालदाराचा खून झाला तेव्हा तुम्ही मार्केटातच होता. जबाब कोर्टापुढे आलाच नाही. त्याच्या कडेला सरकारी वकिलांनी पोलिसांसाठी लिहून ठेवलंय, 'पुढे आणू नये'. खाली त्यांची सही.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. संन्याशाच्या बायकोने काय करायचं, ते कुणी सांगत नाही. मी सांगते, तिने तक्रार करायची. त्या वकिलांना जाब विचारायचाच. सोबत कुलमुखत्यारपत्र आहे. त्यावर सही करून पाठवा, म्हणजे तुमच्या वतीने माझी सही चालेल.

शहाजीभाऊ अजून दारात येतात. खटल्यात तोंड उघडलं नाही त्या माणसाशी मी बोलत नाही, बोलणारही नाही.

तब्येतीला जपा.
तुमची वाट पाहणारी,
सत्यभामा


येरवडा, ता. २६ जून १९९७

सौ. सत्यभामा हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

राजूचे पेढे मनात खाल्ले. साहेब तुझा नमस्कार वाचून हसले. म्हणाले, तुमची मंडळी तिखट दिसते. मी म्हटलं, साहेब, अजून तिच्या हातचं कालवण तुम्ही खाल्लेलं नाही.

कागद सही करून पाठवला आहे. पण शहाजीला टोचून बोलू नकोस. कोर्टाच्या व्हरांड्यात त्याच वकिलांनी त्याला दम दिला होता, की दुसऱ्याची सही केलीस, बोललास तर तूही आत जाशील. तो घाबरला. मला भेटायला आला तेव्हा जाळीपलीकडे लहान मुलासारखा रडला. मी तुला सांगितलं नाही, कारण तू त्याच्या घरावर चालून गेली असतीस. मीही चार वेळा त्याची हजेरी लावली आहे गं. त्या वेळी काही घडलं असतं तर?

खरं सांगू? वकिलांचं काय व्हायचं ते होवो. मला आपल्या दारात बसून तुझ्या हातचा चहा प्यायचा आहे. साडेपाच वर्षांत मला कुणी 'अहो' म्हणून हाक मारलेली नाही.

तुझा,
धनाजी


॥ श्री सिद्धनाथ प्रसन्न ॥
कोपरखैरणे, ता. १८ सप्टेंबर १९९७

राजलक्ष्मीच्या पप्पांस,
सा. न. वि. वि.

अहो, अहो, अहो. तीनदा लिहिलं आहे. साहेबांना मोठ्याने वाचून दाखवायला सांगा.

तक्रार दाखल झाली आणि पंधरा दिवसांत एक गृहस्थ घरी आले. सफारी सूट, गोड बोलणं. त्या वकिलांच्या वतीनं आलोय म्हणाले. तक्रार मागे घ्या, मग वरच्या कोर्टात जामिनाला कुणी हरकत घेणार नाही, दिवाळीला माणूस घरी. मागे घेण्याचा कागदही टाईप करून आणला होता. नमिताताई म्हणतात, असल्या लोकांच्या नादी लागू नका. पण त्यांचा नवरा घरी आहे.

मीच आधी तावातावाने बोलले होते, ठाऊक आहे. आता मला न्याय नको, माणूस हवा. सकाळी दोन कप चहा टाकते आणि दुसरा बेसिनमध्ये ओतते. किती वर्षं ओतू? सोमवारी, २९ तारखेला, चार वाजता ते गृहस्थ येतील. तुमच्या वतीने सही करून देते. तुमचा होकार धरूनच चालले आहे.

दिवाळीला भेटूच.
तुमचीच,
सत्यभामा


येरवडा, ता. २३ सप्टेंबर १९९७

सौ. सत्यभामा हिस,
अनेक आशीर्वाद.

साहेबांनी हे पत्र आजच टपालात टाकायचं कबूल केलं आहे. सही करू नकोस.

शहाजीने मायेपोटी माझ्या नावापुढे सही केली, त्यापायी मी हे दिवस भोगतो आहे. आता तूही मायेपोटीच करायला निघालीस. माझ्या बराकीत वामन म्हणून एक जण आहे. त्याचा खटलाही याच वकिलांनी चालवला. तो रोज विचारतो, माझ्या कागदांतही काही दाबलं असेल का हो? माझी तक्रार मागे गेली, तर त्याचे कागद कोण उघडणार? जूनमध्ये मी लिहिलं, वकिलांचं काय व्हायचं ते होवो. ते चुकलंच माझं.

मला यायचं नाही असं समजू नकोस. मलाही यायचंय गं.

तुझा,
धनाजी


॥ श्री सिद्धनाथ प्रसन्न ॥
कोपरखैरणे, ता. २१ ऑक्टोबर १९९७

राजलक्ष्मीच्या पप्पांस,
सा. न. वि. वि.

सही मी सकाळीच करून ठेवली होती. पोस्टमन दीडला आला. तुमचं पत्र वाचलं, तुम्हाला मनसोक्त शिव्या दिल्या (साहेबांनी माफ करावं) आणि कागद फाडला. चार वाजता त्या गृहस्थांना तुकडे दिले. चहा विचारला नाही.

मग शहाजीभाऊंच्या घरी गेले. साडेपाच वर्षांनी. मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, वहिनी, चला, कुठं सांगायचं ते सांगतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी सही आणि व्हरांड्यातला दम, दोन्ही प्रतिज्ञापत्रावर लिहून दिलं. चौकशी होईपर्यंत त्यांचा माथाडीचा बिल्ला काढून घेतला आहे, म्हणजे काम बंद. परवा त्यांच्या घरी भाकऱ्या देऊन आले. वाईट वाटलं हो.

कोर्टाने त्या वकिलांना जातीने हजर राहून उत्तर द्यायला सांगितलं आहे. वामनभाऊंचे कागदही मागवले, त्यांना सांगा. पण आपल्या जामिनाला कडाडून विरोध झाला. तारीख जानेवारीची पडली. म्हणजे ही दिवाळीही तशीच. तुमच्या वाटणीचं उटणं डब्यात ठेवते.

राजूचं कॉलेजचं प्रगतिपुस्तक आलं आहे. तिने पेन माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, मम्मी, पप्पांच्या जागीही तूच कर, सगळ्यांच्या आया करतात. मी माझ्या जागी केली. तुमची जागा कोरी ठेवली आहे. कॉलेजातल्या बाई ओरडल्या तर ओरडू देत. ती सही तुम्हीच येऊन करायची.

लोभ आहेच, तो वाढवायला समोर या.
तुमची,
सत्यभामा