रिकाम्या पोटाची अट

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्याविरुद्धची एक तक्रार निकालात निघत नाही. भिंतीवरचा तुमचा फोटो सरळ राहत नाही. रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला की तुम्ही डावीकडे कलता. मी रोज सकाळी सरळ करतो, संध्याकाळी तुम्ही पुन्हा खिडकीतून डोकावायच्या बेतात. स्तोत्र म्हणताना मी जरा डुललो की "देवळातली घंटा आहेस का? स्थिर बस!" म्हणून पाठीत धपाटा घालणाऱ्या संस्कृतच्या मास्तरांना हे शोभत नाही.

हे झालं मंगलाचरण. खरा राग तुमच्या नियमाचा आहे. आईच्या यकृतात गाठ निघालीय, जठराला अगदी खेटून. सोलापूरला किरणांचे उपचार चालू आहेत. पण ही गाठ तुमच्या फोटोसारखी, एका जागी थांबत नाही. श्वास घेतला की खाली, सोडला की वर. म्हणून दर वेळी यंत्र आधी पोटाचं चित्र काढतं, पहिल्या चित्राशी ताडून बघतं, मग आईला श्वास रोखायला सांगतात आणि तेवढ्यातच किरण सोडतात. यात आई पहिल्या दिवसापासून हुशार. तिथली मुलगी म्हणाली, "आजी, किती छान श्वास धरता!" तर आई म्हणते, "उभा जन्म मास्तराच्या घरात काढला बाई. सवय हाय."

अट एकच, रिकाम्या पोटी यायचं. पोट भरलेलं असलं की जठर फुगतं आणि गाठ जागची सरकते. मंगळवारी आम्ही गावातून, तेरहून, पहाटेच निघालो. आई टेबलावर झोपली, चित्र निघालं आणि आतला माणूस बाहेर येऊन सगळ्यांदेखत माझ्यावर कडाडला, "पोट भरलेलं आहे, गाठ जागेवर नाही. आज काही होणार नाही. साधं उपाशी आणता येत नाही? खेड्यातनं येतात अन्..." जन्मभर पोरांना संस्कृत शिकवलं, पण त्या क्षणी मला धड मराठीही सुचेना. अहो, ज्या बाईनं एवढा प्रवास केला तिला निदान बसा तरी म्हणा! हे म्हणायचं राहूनच गेलं. मी आईकडे वळलो.

"आई, काय खाल्लंस?"

"काला. दूध-भाकरीचा. लई न्हाय, वाटीभर."

"डॉक्टर नको म्हणाले होते ना?"

"ह्यांनी सांगून ठेवलंय न्हवं, उपाशी उंबरा वलांडायचा न्हाय."

ह्यांनी म्हणजे तुम्ही. अभुक्त्वा न गच्छेत्! लहानपणी हे तुम्ही आम्हाला शास्त्र म्हणून ऐकवलंत. पुढे मी पोथ्या धुंडाळल्या, कुठं सापडलं नाही. तुम्ही ते स्वयंपाकघरात रचलं होतंत. माझी धाराशिवला परीक्षा, एसटी फाट्यावर उभी, आणि तुम्ही ताट घेऊन दारात. कंडक्टर ओरडत आला, तर तुम्ही त्यालाच विचारलंत, "तुम्ही जेवलात का?" तो बसला की हो पाटावर! सगळी गाडी खोळंबली. तेव्हा मला हसू आलं होतं. मंगळवारी परतताना तुळजापूरपर्यंत मी तुम्हाला मनातल्या मनात शिव्या घालत आलो. संस्कृतात फार वाईट शिव्या नाहीत, म्हणून मराठीवर आलो. आई खिडकीबाहेर बघत होती.

घरी आल्यावर मात्र राग बसला आणि दुसरंच काही उभं राहिलं. एकादशीला पाण्याचा थेंब न घेणारी बाई ही. नवरात्रात उपाशीपोटी तुळजापूरला जायची, तेव्हा तुम्हीच हसत म्हणायचात, "उपासाला माझा नियम लागू नाही." ती सूट तिला पाठ आहे. आणि उपास मोडणं हे तिला आजवर जमलेलं नाही. मग मंगळवारीच कसं जमलं?

उद्या पुन्हा जायचंय. हे पत्र तुमच्या फोटोमागं खोचलं तर तुम्ही आणखी कलाल, म्हणून माझ्याच खिशात राहील. आई स्वयंपाकघरात आहे. तो काला तू विसरून खाल्लास का, एवढंच तिला विचारायचंय. दोनदा दारापर्यंत जाऊन आलो. ती "न्हाय" म्हणाली, हे उपचार आता बास म्हणाली, तर मी काय करू, हे मला माहीत नाही.