कोंबडीखाली बदकाची अंडी

२१ ऑगस्ट १९९४, रविवार. राखीपौर्णिमा

आलं ते — गावठी कोंबड्या चार, कोंबडा एक. दादाची ओवाळणी, म्हणून किंमत मांडायची नाही. गौलीगुड्याच्या बसअड्ड्यावरून ऑटो १४ रुपये. कणी पाच किलो, २० रुपये. राखी दीड रुपया.

हिम्मतदादा उदगीरहून टोपली मांडीवर घेऊन आला. कंडक्टर कोंबड्यांचं तिकीट मागत होता म्हणे! दादा म्हणाला, "मग त्यांना शीट दे."

मीच पत्र घालून मागवल्या. ह्यांना सांगितलेलं नाही. कारखान्याने मे महिन्यात ह्यांना स्वेच्छानिवृत्ती दिली. स्वेच्छा कुणाची, ते पांडुरंगाला ठाऊक! जन्म लेथवर उभ्याने काढलेला माणूस आता दुपारभर परसातल्या विहिरीच्या काठावर बसतो. आत बघत. तिसऱ्या हाकेला ओ देतात. मला भीती वाटते. कुणाला बोलले नाही, इथेच लिहिते.

हातात काही जिवंत असलं तर माणूस गुंतेल. म्हणून कोंबड्या. मी माळकरी, अंड्याला शिवत नाही — आणि हे उद्योग! समजून घे रे देवा.

२४ ऑगस्ट

जुन्या पलंगाच्या पट्ट्यांचं खुराडं केलं ह्यांनी. खिळे ओठात धरले होते. कामावरचा चेहरा.

२८ ऑगस्ट, रविवार

सकाळी न सांगता बाहेर पडले. स्वयंपाक झाला तरी पत्ता नाही. विहिरीत दोनदा डोकावून आले मी. असं डोकावणं वैरिणीच्याही वाट्याला नको.

जेवणाच्या वेळी आले — काखेत बदकं! मुर्गी चौकातून. दोन माद्या, एक नर, १३५ रुपये. "घासाघीस?" मी विचारलं, तर म्हणे विकणारा म्हणाला, "तीनों साथ में पले साब, जुदा नक्को करो." म्हणून तिन्ही उचलली! एरवी मी सोडलं नसतं. आज आकडा मांडून ठेवला आणि गरम भाकरी वाढली.

६ सप्टेंबर

बदकं-कोंबड्या एकत्र — हे काही खरं नाही. पाणी ठेवलं की बदकं त्यात चोच धुतात, पाय धुतात, सगळा भुसा भिजवतात. एक कोंबडी शिंकते आहे. बदकाचा नर कोंबड्यांच्या मागे लागतो आणि कोंबडा लांबून नुसता ओरडतो. शेजारच्या पद्मावतक्का भिंतीवरून म्हणाल्या, "अय्यो वहिनी, तुमचा कोंबडा अगदी आमच्या घरवाल्यासारखा! आवाजच मोठा." हे हसले. मोठ्याने नाही. पण हसले.

कोंबड्यांचं पाणी आता विटांवर, उंच. बदकांची परात कोपऱ्यात, खाली खडी. नर रात्री वेगळा कोंडायचा. सगळी ह्यांचीच डोकेबाजी.

शिंकणारीला हळद-गूळ दिला. मेली तर? एक जरी मेली तरी हे परत काठावर बसतील.

९ सप्टेंबर. गणेश चतुर्थी

मोदक, आरती, सगळं झालं. हे जरा मोकळे दिसले म्हणून विषय काढला — विहिरीवर जाळी बसवा, बदकं पडतील.

"बदकं पोहतात गं."

माझी अक्कल! मग म्हटलं, "कोंबड्या नाही पोहत." माझ्याकडे बघतच राहिले. मी पातेलं घासायला घेतलं. घासलेलंच होतं.

१३ सप्टेंबर

जाळी बसली. बादलीपुरतं झाकण करा म्हटलं होतं. केलंय त्यातून माणूस जाईल. कुलूप नाही.

१८ सप्टेंबर, रविवार. अनंत चतुर्दशी

तांबडी कोंबडी खुडूक झाली, जागची हलत नाही. बदकिणी अंडी घालून खुशाल निघून जातात, त्यांना उबवायचा कंटाळा. तेव्हा त्यांचीही अंडी तांबडीखालीच ठेवायची ठरलं. हे म्हणाले, "दादांना कार्ड टाकून विचारू आधी." मी ऐकलं नाही. परवापासून पितृपक्ष लागतो, त्यात नवं काही आरंभायचं नाही. कोंबडीची सहा, बदकाची पाच, एकदमच ठेवायला लावली. कार्ड नंतर टाकलं.

संध्याकाळी हे म्हणाले, "ही बदकं निघू देत. मग बघू."

बघू म्हणजे काय?

२६ सप्टेंबर

सुरतेला प्लेग. पेपर तेवढ्यानेच भरलेला. पद्मावतक्का विचारत होत्या, पाखरांनी येतो का. मी म्हटलं उंदरांनी. तरी त्या नाकाला पदर लावूनच उभ्या.

त्याहून मोठं — दादाचं उत्तर. बदकाच्या अंड्याला कोंबडीपेक्षा आठवडा जास्त लागतो! बदकाची आधी ठेवायची, कोंबडीची मागून. एकदम ठेवली तर कोंबडी आपली पिल्लं निघाली की उठते, मागे बघत नाही.

अवसान गोळा करून ह्यांना वाचून दाखवलं. माझ्याच हट्टाने झालं, तेही म्हटलं. हे उठून परसात गेले. मी मागोमाग, अनवाणी. विहिरीपाशी नाही, खुराड्यापाशी उकिडवे बसले. म्हणाले, "तुझ्या पितरांनाच बसव आता उरलेल्या अंड्यांवर."

टोमणा मारला! चार महिन्यांत पहिला!

६ ऑक्टोबर

घट बसले. अखंड दिवा लावला. ह्यांनी तेलाच्या डब्यात बल्ब बसवून ऊब देणारी पेटी केली आहे. करंट टिकला म्हणजे मिळवली.

९ ऑक्टोबर

कोंबडीची चार पिल्लं निघाली. हे बघायला आले, बोटावर एक घेतलं, खाली ठेवलं. नजर बदकाच्या अंड्यांवर.

१० ऑक्टोबर

तांबडी उठली. पिल्लं घेऊन उकिरड्यावर गेली. परत बसवली, परत उठली. अंडी पेटीत घातली. दुपारी करंट गेला. आला नाही. पेटी गार पडत चालली. हे बल्बकडे बघत हात सोडून बसले. तोच चेहरा, काठावरचा.

घरात न विझणारी ज्योत एकच.

मी पाची अंडी पदरात घेतली. ह्या हातांनी! अजून कोमट होती. देवघरात नेली. ह्यांना म्हटलं, "बल्ब काढा. खाली दिवा राहील असं करा." हे म्हणाले, "देवघरात? तू माळकरी ना?" मी म्हटलं, "देवाला ऊब कळत नाही का?" अखंड दिव्यावरून दुसरी पणती लावली. हे पत्रा कापायला बसले.

माळ काढलेली नाही. पाप असेल तर माझ्या नावावर.

११ ऑक्टोबर

म्हणाले, "रात्रपाळी माझी, दिवसपाळी तुझी." वात जरा वर, जरा खाली. पेटीत ओलं फडकं. अंडी फिरवायची. मला शिकवलं, चुकले तर ओरडलेही. ओरडा बाई!

१३ ऑक्टोबर. खंडेनवमी

पकड, कानस, हातोडी पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलं ह्यांनी. अंडी दिव्यासमोर धरून पाहिली. एक वाया गेलंय. चार राहिली.

१५ ऑक्टोबर

दसरा काल झाला. घट हलवले. दिवे हलवले नाहीत.

१६ ऑक्टोबर

आज निघायला हवीत. काही नाही.

१७ ऑक्टोबर

काही नाही. हे जेवले नाहीत. एकदा परसात गेले. मी रहाटाच्या आवाजाकडे कान लावून पणतीपाशी, उठता येईना. परत आले, हातात ओलं फडकं. एवढंच.

मग अंड्यातून टकटक. देवा, माझ्या छातीतली नव्हे ना?

१८ ऑक्टोबर

तीन निघाली. पिवळी. चौथं आतच राहिलं. कोंबडीमागे जात नाहीत — ह्यांच्या टाचेमागे रांग लावून चालतात! संडासाला गेले तरी दाराशी उभी.

दुपारी हे बाजारात जाऊन कुलूप घेऊन आले. विहिरीच्या झाकणाला लावलं. किल्ली माझ्या हातात दिली. "तुझ्या जुडग्यात ठेव."

मी म्हटलं, "बदकं पोहतात ना?"

"हो," म्हणाले. "तरी तुझ्याकडेच ठेव."

कुलूप २२ रुपये.

दादाला कार्ड टाकलं — आईवाचून निघालेली बदकाची पिल्लं पाण्यात केव्हा सोडायची? हे स्वतः विचारत आहेत. उलट टपाली कळव.